कोरम भरला काय? गावच्या सभेत पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

दवंडी झाली, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस पडली, शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी अंथरली. सभा अकराची. साडेअकरा झाले तरी सतरंजीवर चौदा माणसं आणि एक कुत्रं. मग शिपाई हजेरीचं रजिस्टर काखेत मारून निघतो. आधी पानठेला, मग पिठाची गिरणी, मग पारावर.

"काकाजी, सही करा."

"कायची हाय?"

"ग्रामसभेची. कोरम भराचा हाय."

"मी येत नाही बाप्पा, सोयाबीन सोंगाले माणसं लावली."

"सही करून टाका, मंग बसजा नाही तं जाजा."

अर्ध्या तासात रजिस्टरात एकशे चार सह्या होतात आणि सतरंजीवर माणसं चौदाच राहतात. वर्षभरानं कळतं की त्या दिवशी गावाच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनीचा ठराव झाला आणि त्या ठरावाला काकाजी 'हजर' होते. मग काकाजी चिडतात. सही मात्र त्यांचीच असते.

हा लेख नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांसाठी, बचत गटाच्या अध्यक्ष-सचिवांसाठी, शेतकरी कंपनीच्या नव्या संचालकांसाठी आणि ग्रामसभेत पहिल्यांदाच जाऊन बसणार असलेल्या पोरापोरींसाठी आहे. कोरमला सरकारी मराठीत गणपूर्ती म्हणतात. निर्णय घ्यायला कमीत कमी किती माणसं हजर पाहिजेत, तो हा आकडा. दोन्ही शब्द लक्षात ठेवा, कारण गाव कोरम बोलतं आणि कागदावर गणपूर्ती येते.

आधी ठरवा, सभा कोणती?

गावात एकाच वऱ्हांड्यात, त्याच सतरंजीवर, बहुतेक त्याच माणसांच्या पाच-सहा वेगवेगळ्या सभा होतात. प्रत्येकीचा कोरम वेगळा. नवीन माणसाची पहिली चूक इथंच होते. ग्रामसभेचा नियम मासिक सभेला लावायचा, मासिक सभेचा सोसायटीला, आणि मग भांडत बसायचं.

ग्रामपंचायतीची मासिक सभा फक्त निवडून आलेल्यांची. तिचा कोरम एकूण सदस्यांच्या निम्मा. नऊ असतील तर निम्मे साडेचार. अर्धा माणूस सभेला येत नाही, म्हणून पाच. अकरा असतील तर सहा.

ग्रामसभा सगळ्या मतदारांची. ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो सदस्य. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यापैकी जी संख्या कमी असेल ती. चारशे मतदारांच्या गावात ६० माणसं लागतात. सहाशे मतदार असतील तर ९०. साधारण ६६७ मतदारांच्या पुढं गाव कितीही मोठं असो, १०० वर गाडी थांबते.

या 'कमी असेल ती' शब्दांवर थोडं थांबू. नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं त्या विधानसभेचा कोरम राज्यघटनेच्या १८९व्या कलमात आहे: एकूण सदस्यांच्या एक दशांश किंवा १०, यापैकी जी संख्या जास्त असेल ती. २८८ आमदारांचे होतात २९. तिथं 'जास्त', इथं 'कमी'. तिथं खालची मर्यादा बांधली, आपल्याकडं वरची. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर म्हणजे दोन टक्के. मला विचाराल तर हे फार कमी आहे. पण ज्या गावात तेवढेही प्रत्यक्ष बसत नाहीत तिथं तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

सोसायटीचा कोरम तिच्या उपविधीत, म्हणजे तिच्या स्वतःच्या नियमांत, लिहिलेला असतो. सेवा सहकारी असो, दूध असो, मजूर असो, उपविधीची छापील प्रत मागा. सचिव म्हणेल, कपाटात आहे, चावी दुसऱ्याकडं आहे. पुन्हा मागा. सभासदाला ती मिळालीच पाहिजे.

शेतकरी उत्पादक कंपनी कंपनी कायद्याखाली येते. तिच्या सर्वसाधारण सभेला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश माणसं लागतात. कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत जास्त संख्या लिहिली असेल तर ती. म्हणजे ३१२ शेतकरी असतील तर ७८. संचालक मंडळाच्या बैठकीला एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी चालत नाहीत. दहा संचालकांत चार धरा. आपल्याकडं कंपन्या काढताना सभासद गोळा करायची घाई असते. आठ गावांतले पाचशे शेतकरी शेअर घेतात आणि मग सप्टेंबरात वार्षिक सभेला सव्वाशे जण आणायचे कसे म्हणून संचालक दोन मेटॅडोर ठरवतात. सभासद करतानाच हा हिशेब करून ठेवावा.

बचत गटाचा कोरम गटानं स्वतः ठरवायचा. त्यावर पुढं वेगळं लिहिलं आहे, कारण तिथं माझीच फजिती झाली होती.

भाजक विचारा

कुठल्याही कोरमसाठी तोंडातून पहिला प्रश्न हाच निघाला पाहिजे: कोणाच्या निम्मे? कोणाच्या पंधरा टक्के? वरचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, खालचा कोणी पाहत नाही.

मतदार यादीत गेल्या पाच वर्षांत वारलेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, पुण्याला कंपनीत गेलेले आणि हंगामाला बाहेर असलेले असे सगळे असतात. ते येणार नाहीत, पण यादीत आहेत तोवर भाजकात आहेत. लहान गावात याचा फरक पडतो. ३८० नावांच्या यादीचा कोरम ५७ होतो. यादीतून तीस नावं कमी झाली की ५३. म्हणून यादी दुरुस्तीचा अर्ज भरणं हे सभेचंच काम समजा.

बहुमत मोजतानाही भाजक बघा. नेहमीच्या ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत पुरतं. पण सरपंच-उपसरपंचावरच्या अविश्वास ठरावाचं बहुमत एकूण सदस्यसंख्येवर मोजतात, त्या दिवशी किती आले यावर नाही. दारूच्या दुकानाविरुद्ध 'आडवी बाटली' करायची, म्हणजे मतदानानं दुकान बंद करायचं, तरी तसंच: मतदानाला आलेल्यांच्या निम्मे पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या (किंवा फक्त महिलांचं मतदान असेल तर एकूण महिला मतदारांच्या) निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीवर पडावी लागतात. ज्या बाया त्या दिवशी कापूस वेचायला गेल्या, त्यांचं न पडलेलं मत गुत्तेवाल्याच्या पारड्यात जातं. म्हणून अशा मतदानाची मोहीम म्हणजे भाषण कमी आणि बायांना वावरातून आणणं जास्त.

नोटीस आणि वेळ

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. पंचायतीच्या साध्या मासिक सभेची तीन पूर्ण दिवस आधी. पूर्ण म्हणजे नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून. नोटिशीत तारीख, वेळ, जागा आणि विषयपत्रिका पाहिजे. माणसं भरपूर जमली पण नोटीसच नीट निघाली नाही, तर भरलेल्या कोरमचाही उपयोग होत नाही. नोटीस लागली त्या फलकाचा फोटो तारखेसकट काढून ठेवायची सवय लावा. एका फोटोनं पुष्कळ वाद मिटतात.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती कागदावर उरकते. ती खरी घेतली तर दुसऱ्या दिवशीचा कोरम अर्धा तिथंच भरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या बाईनं काल पाण्याच्या टाकीचा विषय काढला, ती आज तो कसा लिहितात ते बघायला येतेच. येताना जावेलाही आणते.

आता तारखांचं बोलू. ग्रामसभा वर्षाला किमान चार, आणि त्या बहुतेक ठरलेल्या राष्ट्रीय दिवसांना लागतात. या तारखा ठरवताना आपली शेती कोणी पाहिलेली नाही. १ मे ला गडचिरोली-गोंदियात तेंदूपत्त्याचा हंगाम. माणूस पहाटे चारला जंगलात जातो आणि दुपारी पुडे बांधत बसतो. यवतमाळ-वर्ध्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला. १५ ऑगस्टला निंदणाची घाई. २ ऑक्टोबरला सोयाबीन सोंगणीला आलेलं, वरून पावसाची धास्ती. २६ जानेवारीला कापसाची वेचणी आणि तुरीची कापणी. अशा दिवशी सकाळी अकराला सभा लावून 'लोकं येतच नाहीत' म्हणायचं, याला काय म्हणावं!

तारीख हातात नसेल तरी घड्याळ हातात असतं. झेंडावंदनाला गाव जमलेलंच असतं. तिथूनच सभेला बसवा, घरी जाऊ दिलं की गेलं. मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला लावा. दिवे नसतील तर ट्रॅक्टरची बॅटरी आणा. गट ग्रामपंचायत असेल, म्हणजे तीन-चार गावं मिळून एक, तर दूरच्या टोल्यावरच्या (वस्तीवरच्या) लोकांना यायला-जायला काय आहे ते आधी विचारा. दर वेळी मोठ्याच गावात सभा झाली तर टोला कोरमात मोजला जातो, पण कधी येत नाही.

माणसं मोजा, सह्या नंतर

सभा सुरू करताना अध्यक्षानं डोकी मोजायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. आमच्याकडं एका गटाच्या बाया यासाठी चिंचोके वापरतात. दाराशी परडी, आत येताना एक चिंचोका टाकायचा, मधेच निघाली तर एक उचलून न्यायचा. वाचता येवो न येवो, परडी उपडी केली की कोरम कळतो. मला हे हजेरी रजिस्टरापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

मोजणी एकदा करून भागत नाही. कोरम सुरुवातीला असतो तसाच ठरावाच्या वेळीही असायला हवा. आपल्या सभांची रीत अशी, की पहिले दोन विषय घरकुलाचे, यादी वाचून झाली की ज्याचं नाव आलं तो उठतो आणि ज्याचं नाही आलं तो चिडून उठतो. चहा आला की आणखी वीस गेले. मग सातव्या विषयाला, जिथं खरा पैसा असतो, सोळा माणसं उरतात. तुम्ही नवे असाल तर एवढंच करा: महत्त्वाचा विषय पुकारला की उभं राहून नम्रपणे म्हणा, "सरपंच साहेब, एकदा हजेरी मोजावी." यात कोणाचा अपमान नाही. नागपूरच्या सभागृहातही कोरमसाठी घंटा वाजते.

सही घ्यायची ती सभेच्या जागी, सभा चालू असताना. घरी आणलेल्या रजिस्टरावर सही करू नका. "येतो तिथं" म्हणा. कोऱ्या पानावर तर मुळीच नाही. सह्यांच्या वर सभेची तारीख आणि प्रकार लिहिलेला आहे का बघा, आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारायला लावा. रेघ नसली की रात्रीतून सह्या वाढतात.

आणि एकाच्या बदली दुसरा चालत नाही. निवडून आलेली बाई घरी आणि तिच्या खुर्चीवर 'सदस्यपती', हे आपल्या भागात इतकं सरावाचं झालं आहे की कोणी टोकत नाही. पण मासिक सभेचा कोरम मोजताना पतीराज शून्य. नऊपैकी पाच खुर्च्या भरल्या दिसतात, त्यातल्या दोन पतींच्या. म्हणजे हजर तीन, कोरम नाही. मी हे एका सभेत बोललो तेव्हा मला "तुम्ही तं लय कायदा शिकले भाऊ" असं ऐकावं लागलं. पुढच्या सभेला मात्र एक ताई स्वतः आल्या. पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या सभेत त्यांनी बिलाची पावती मागितली.

नाहीच भरला तर

थोडी वाट पाहायची, मग अध्यक्षानं 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब' असं इतिवृत्तात लिहायचं, वेळ टाकायची, हजर होते त्यांच्या सह्या घ्यायच्या. सभा 'रद्द' होत नाही, 'तहकूब' होते. शब्दात फरक आहे: तहकूब सभा म्हणजे तीच सभा पुढं ढकललेली. म्हणून तिथं जुन्याच विषयपत्रिकेवर बोलता येतं, नवा विषय घुसवता येत नाही.

खरी गोम इथं आहे. तहकूब ग्रामसभेला कोरमची अट राहत नाही. कारण समजण्यासारखं आहे. लोक येतच नसतील तर गावाचं काम किती दिवस अडवायचं? पण ज्याला गुपचूप ठराव करायचा आहे त्याच्यासाठी ही मागची फाटकी कुंपणवाट आहे. पहिली सभा मुद्दाम अडनिड्या वेळी लावायची, कोरम भरू द्यायचा नाही, तहकूब करायची आणि पुढच्या वेळी बारा जणांत उरकायचं. सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत तर खाली बारीक अक्षरात छापूनच येतं: गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासानं होईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. ती ओळ वाचली नसेल तर यंदा वाचा. सभा दोनची असेल तर खरी सभा अडीचला आहे असं धरून चालणारे सभासद मी पाहिले आहेत, आणि अडीचला पोचून 'सभा झाली' असं ऐकून परतणारेही.

उपाय साधा आहे, फक्त कंटाळवाणा. तहकूब झालेल्या सभेची पुढची तारीख तिथंच, सगळ्यांसमोर विचारून घ्या आणि ग्रुपवर टाका. पहिल्या सभेची विषयपत्रिका जपून ठेवा. दुसऱ्या सभेत आठवा विषय कुठून आला ते दाखवता येतं. आणि कोरम मोडण्याचं हत्यार दोन्हीकडून चालतं. नऊ सदस्यांच्या पंचायतीत पाच आले आणि त्यातला एक रागानं उठून गेला तर सभा तिथंच थांबते. विरोधी गट मुद्दाम गैरहजर राहून असं करतो. एखाद्या वेळी ते चालून जातं. दर महिन्याला केलं तर गावाची नळयोजना अडते आणि लोक उठून जाणाऱ्याचंच नाव घेतात.

मतदान

कोरम भरला म्हणजे निर्णय सगळ्यांचा झाला असं नाही. अकरा सदस्यांत सहा हजर. तीन 'हो', दोन 'नाही', एक तटस्थ. तटस्थ माणूस कोरमात धरला जातो, मतात नाही. ठराव तीन मतांनी मंजूर. अकरातले तीन! हे कायदेशीर आहे. म्हणून 'मी तटस्थ राहिलो, माझा काही संबंध नाही' असं म्हणणाऱ्यानं समजून घ्यावं की त्याच्या बसण्यानंच कोरम भरला होता. मतं समसमान झाली तर अध्यक्षाला निर्णायक मत असतं.

हात वर करून मत घेताना आधी 'बाजूनं' मोजा, आकडा लिहा, मग 'विरोधात' मोजा, आकडा लिहा. 'सर्वानुमते मंजूर' हे दोन शब्द लेखणीला इतके सरावलेत की भांडण झालेल्या सभेचाही ठराव सर्वानुमते होतो. तुमचा विरोध असेल तर नावासकट नोंदवायला सांगा.

जंगलाच्या गावात नियम कडक

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, किंवा यवतमाळचा वनालगतचा पट्टा, इथं तुमचा संबंध वनहक्क कायद्याशी येईल. कायदा २००६ चा, नियम २००८ चे, त्यात २०१२ ला दुरुस्ती झाली. या कायद्याखालची ग्रामसभा भरवली तर वरचे पंधरा टक्के विसरा.

इथं कोरम ग्रामसभेच्या एकूण सदस्यांच्या निम्मा. (२०१२ च्या आधी तर दोन तृतीयांश होता.) सदस्य म्हणजे त्या गावातले सगळे प्रौढ. हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया असल्या पाहिजेत. आणि जंगलावरच्या हक्काच्या दाव्यांवर ठराव करायचा असेल तर दावेदारांपैकी, किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी, किमान निम्मे हजर पाहिजेत. ठराव मात्र हजर आणि मत देणाऱ्यांच्या साध्या बहुमतानं होतो.

आकडे घालून बघू. टोल्यात २४० प्रौढ आहेत, ३६ दावे आहेत. हजर किमान १२०. बरोबर १२० आले तर त्यात ४० बाया. आणि १८ दावेदार. या तीन चाळण्या आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या मोजायच्या. मी एका टोल्यावर पाहिलं, माणसं १५० होती, सगळे खूश. बाया मोजल्या तर ३८. दीडशेला पन्नास पाहिजेत. त्या दिवशी मोहफुलांचा हंगाम होता आणि बाया वेचायला गेल्या होत्या. गावातल्या एका म्हाताऱ्या आजीनं सभा संध्याकाळपर्यंत थांबवायला लावली. "फूल वेचणारीचंच जंगल हाय नं? मंग ती आल्याबिगर कायचा ठराव?" संध्याकाळी सात वाजता ६१ बाया होत्या.

तहकूब सभेला कोरम माफ, ही सूट वनहक्काच्या नियमांत लिहिलेली नाही. म्हणून इथं 'पुढच्या वेळी बारा जणांत उरकू' चालणार नाही. वरच्या समित्यांकडं दावा गेला की ठरावाची प्रत आणि हजेरी बघितली जाते, आणि कोरम कमी दिसला की फाइल परत. एका परतीत गावाचं वर्ष जातं. म्हणून हजेरीचं पान करतानाच तीन रकाने आखा: पुरुष, बाया, दावेदार. शेवटी बेरीज करून ठरावातच लिहा.

कोरमच्या पुढं गेलेलंही एक गाव आपल्याच भागात आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ ला त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ ला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथं निर्णय बहुमतानं करत नाहीत, सर्वसहमतीनं करतात. एकाला पटलं नाही तरी विषय पुढच्या बैठकीत. त्याच्या जोडीला अभ्यास गट असतो, जिथं ठरवायचं काही नसतं, फक्त समजून घ्यायचं असतं. हे सगळ्या गावांना जमेल असं मी म्हणणार नाही. तीन हजार मतदारांच्या, चार पार्ट्यांच्या गावात सर्वसहमती धरून बसलात तर एकटा माणूस सगळं गाव ओलीस धरेल. पण वीस घरांच्या टोल्यात, पंधरा बायांच्या गटात हा रस्ता खुला आहे, आणि तिथं मतदान घेणं उलट जखम करून जातं.

आपल्या गटाचा कोरम आपण ठरवताना

आता माझी फजिती. आम्ही तेरा शेतकऱ्यांचा गट केला, फवारणीचे पंप आणि थ्रेशर भाड्यानं द्यायला. पहिल्या बैठकीत जोशात नियम लिहिला: प्रत्येक निर्णयाला दोन तृतीयांश हजेरी. तेराचे दोन तृतीयांश साडेआठच्या पुढं, म्हणजे नऊ. चार महिने छान चाललं. मग रोवणी-निंदण लागलं, बैठकीला पाच-सहा जण येऊ लागले. खजिनदार नोकरीला लागून नागपूरला गेला. बँकेतल्या सहीचं नाव बदलायचा ठराव आम्ही सहा जणांत केला, सगळ्यांना फोन केला होता, कोणाचा विरोध नव्हता. बँकेनं ठराव आणि आमचीच नियमावली शेजारी ठेवली आणि कागद परत केला. ऐन हंगामात थ्रेशरचं बेल्ट आणायला गटाच्या खात्यात पैसे होते आणि काढता येत नव्हते. मी खिशातून भरले. नियम मीच लिहिला होता, त्यामुळं बोलायचीही सोय नव्हती.

त्यातून जे कळलं ते असं. रोजच्या कामाचा कोरम आणि मोठ्या निर्णयाचा कोरम वेगळा ठेवा. तेरा जणांच्या गटात रोजच्याला सात पुरे. नियम बदलणं, कोणाला काढणं, मोठं कर्ज उचलणं याला दहा. आकडा हंगामातल्या हजेरीवरून ठरवा, पहिल्या बैठकीच्या गर्दीवरून ठरवू नका. अपूर्णांक आला तर वर मोजायचा हे लिहून टाका. सलग तीन बैठका गैरहजर राहणाऱ्याचं काय करायचं तेही लिहा, नाहीतर येत नसलेली माणसं भाजकात राहून येणाऱ्यांना अडवतात. फोनवरची संमती धरायची का? धरायची असेल तर नियमात लिहा, नसेल तर धरू नका. मधलं काही ठेवू नका. आणि कोरम इतका खालीही नको की अध्यक्ष, त्याचा भाऊ आणि त्याचा साळा मिळून सभा होईल.

इतिवृत्त

लोक त्याला प्रोसिडिंग म्हणतात. सभा संपायच्या आधी, तिथंच, ठराव वाचून दाखवायला लावा. 'नंतर लिहितो' म्हटलं की कोरा भाग राहतो आणि कोऱ्या भागात काहीही उगवतं. ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण पान लिहिणारा तोच. त्याच्याशी भांडू नका. चांगल्या अधिकाऱ्याला नीट मोजलेला कोरम हवाच असतो, उद्या उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

ठरावाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. तोंडी मागून मिळाली नाही तर लेखी अर्ज, तरी नाही तर माहितीचा अधिकार. हजेरी खोटी वाटली तर गटविकास अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या. 'सगळ्या सह्या खोट्या' असं मोघम लिहू नका. 'अनुक्रमांक २३, ४१ आणि ६७ ची माणसं त्या दिवशी गावात नव्हती' असं लिहा.

नमुना लागत असेल तर हा घ्या. आमच्या पंचायतीत मी कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे, रिकाम्या जागा भरायच्या:

"आज दिनांक ____ रोजी ____ येथे ____ वाजता ग्रामसभा सुरू झाली. एकूण मतदार ____. आवश्यक गणपूर्ती ____. सभा सुरू होताना प्रत्यक्ष मोजणी: पुरुष ____, महिला ____, एकूण ____. विषय क्रमांक ____ वर ठराव मांडताना पुन्हा मोजणी: एकूण ____. सूचक ____, अनुमोदक ____. बाजूने ____, विरोधात ____, तटस्थ ____. विरोध नोंदवणाऱ्यांची नावे ____. सभा ____ वाजता संपली. शेवटच्या सहीखाली रेघ मारली आहे."